एमजीएला ऑइल कूलर: आधी थर्मामीटर, मग पाना

गोव्यात जुनी गाडी बाळगणाऱ्या कोणालाही मे महिन्यात विचारा, रड एकच असते, गाडी तापते. त्यावर फुकट सल्ले देणारेही कमी नाहीत, कोणी म्हणतं मोठा रेडिएटर टाक, कोणी म्हणतं इलेक्ट्रिक फॅन लाव, कोणी म्हणतं थर्मोस्टॅटच काढून फेकून दे (हे कृपया करू नका), आणि हल्ली यात एक नवीन भर पडलीय, ऑइल कूलर (इंजिनातलं ऑइल गार करणारा छोटा रेडिएटर) लाव. यूट्यूबवर इंग्लंड-अमेरिकेतले लोक आपल्या एमजी-ट्रायम्फला ऑइल कूलर बसवताना दिसतात, ग्रिलच्या मागे ती काळी जाळी झक्कास दिसते, मग आपल्यालाही वाटतं बसवावा. मी पण बसवलाय. पण तो कशासाठी बसवला आणि त्याने काय झालं, काय नाही झालं, हे नीट लिहायला हवं असं वाटलं, कारण मला जे मेसेज येतात त्यातल्या निम्म्या लोकांना ऑइल कूलरची गरजच नाहीये.

गाडी आधी सांगतो. एमजीए १५००, म्हणजे १९५५ ते १९५९ या काळात इंग्लंडमध्ये ॲबिंग्डनला बनलेली दोन सीटची ओपन गाडी, १४८९ सीसीचं इंजिन, दोन एसयू कार्ब्युरेटर, चार गिअर. आमच्या मोठ्या काकांनी मडगावच्या एका खाणवाल्यांकडून घेतलेली. १९६१ च्या आधी गोव्यात गाडी मागवायला भारतातल्यासारखी बंधनं नव्हती आणि त्यात खाणीचा पैसा, त्यामुळे घाटाच्या पलीकडे लोक ॲम्बेसिडर आणि फियाटसाठी नंबर लावून बसलेले असताना इथे मर्सिडीज, ओपेल, फोक्सवॅगन सर्रास फिरत होत्या, त्याच लाटेतली ही. बाहेरच्या लोकांना नेहमी वाटतं की पोर्तुगीज काळातली गाडी म्हणजे स्टिअरिंग डावीकडे असणार. तसं नाही. पोर्तुगालने १९२८ साली रस्त्याची उजवी बाजू धरली पण गोव्यात डावीच राहिली, त्यामुळे आमची गाडी राइट हॅन्ड ड्राइव्ह आहे, आणि ही गोष्ट पुढे ऑइलचे पाइप फिरवताना मला चांगलीच नडली.

आता गंमत अशी की हे इंजिन आपल्याकडे परकं नाहीच. ॲम्बेसिडरमध्ये पुढे कित्येक वर्षं जे १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन यायचं ते याच बीएमसीच्या (एमजी बनवणारी ब्रिटिश मोटर कंपनी) बी-सिरीज घराण्यातलं. एमजीएमध्ये कॅम, कार्ब्युरेटर, कॉम्प्रेशन वेगळं, ताकद जास्त, पण ब्लॉक बघितला की डिचोलीचे आमचे मेस्त्री पहिल्यांदा हसलेच होते, म्हणाले अरे बाब, हें तर ॲम्बेसिडरचें! त्यांनी आयुष्यभर टॅक्सीवाल्यांच्या ॲम्बेसिडर खोललेल्या, त्यामुळे त्यांना यातलं काही शिकवायला लागत नाही, उलट बहुतेक वेळा तेच मला शिकवतात.

तर मुद्दा. गाडी तापते म्हणजे नक्की काय तापतं? पाणी तापतं की ऑइल? हे दोन वेगळे आजार आहेत. पर्वरीला फ्लायओव्हरच्या कामात गाडी अर्धा तास अडकली आणि काटा चढला तर ते पाणी. तिथे ऑइल कूलर काही म्हणजे काही करू शकत नाही, कारण त्याच्यातून वाराच जात नाहीये, गाडी उभी आहे. उलट तो रेडिएटरच्या पुढ्यात बसलेला असतो म्हणून रेडिएटरचा थोडा वारा अडवतोच. ट्रॅफिकमध्ये तापणाऱ्या गाडीला रेडिएटर उघडून साफ करणं, पंख्याचा पट्टा, वॉटर पंप, इग्निशन टायमिंग, मिक्श्चर, हे बघायचं. टायमिंग मागे पडलेलं असेल तर गाडी तापतेच, आणि आता पंपावर मिळणारं २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल जुन्या कार्ब्युरेटरवर मिक्श्चर पातळ करतं, म्हणजे इंजिन लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) चालतं, तेही तापतं. एसयूचा जेट जरा खाली घेतला की बराच फरक पडतो, त्याला खर्च शून्य.

ऑइल कधी तापतं? सतत लोडवर, सतत वरच्या आरपीएमला. एमजीएला ओव्हरड्राइव्ह (हायवेला आरपीएम खाली आणणारा जादा गिअर) नाही, टॉपमध्ये १००० आरपीएमला साधारण २७ किलोमीटर वेग, म्हणजे ताशी १०० ला इंजिन ३६०० च्या वर ओरडत असतं. नवीन हायवे ६६ वर, झुआरीच्या नव्या पुलावरून सरळ काणकोणकडे निघालात तर हे तासभर चालू. आणि चोर्ला घाट, साखळीहून बेळगावकडे जाताना, तिथे वेग कमी पण सेकंड-थर्डमध्ये ओढत राहायचं, मागून केएचे (कर्नाटक पासिंगचे) ट्रक हॉर्न देतात, थांबायला जागा नाही. इंजिनातलं ऑइल फक्त वंगण नसतं, पिस्टनच्या खालच्या बाजूची, बेअरिंगची उष्णता तेच वाहून नेत असतं, आणि ती पुढे टाकायला त्याच्याकडे फक्त सम्पचा (इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीचा) पत्रा असतो.

माझ्या गाडीचं लक्षण असं होतं: पाण्याचा काटा एकदम व्यवस्थित, पण घाट चढून कणकुंबीला चहाला थांबताना आयडलवर ऑइल प्रेशर जे खाली यायचं ते बघून पोटात गोळा यायचा. चालत्या गाडीत या इंजिनला ५० पीएसआयच्या आसपास प्रेशर असतं, आणि आयडलला १५ दिसलं तरी घाबरण्यासारखं काही नसतं, पण ते त्याच्याही खाली जायला लागलं. ऑइल ताकासारखं पातळ झालं की असं होतं. किंवा बेअरिंग झिजली की असं होतं. किंवा पंप झिजला की. किंवा रिलीफ व्हॉल्वची (जादा प्रेशर सोडणारा व्हॉल्व) स्प्रिंग थकली की. म्हणजे चार कारणं, आणि लोक सरळ पाचव्या गोष्टीवर पैसे घालतात.

म्हणून मेस्त्री म्हणाले आधी ऑइल किती तापतं ते मोज. सोपं आहे, मल्टिमीटरला के-टाइप थर्मोकपलची वायर मिळते, स्वस्त असते, डिपस्टिक काढायची, वायर डिपस्टिकच्याच लांबीएवढी मापून त्या भोकातून आत सोडायची (जास्त सोडली तर क्रँकमध्ये अडकेल, हे लक्षात ठेवा), वरून चिंधी लावून भोक बंद करायचं आणि मीटर केबिनमध्ये. लेझर गनने सम्पच्या बाहेरून मोजतात ते मला पटत नाही, पत्र्याला वारा लागतो, आकडा कमी येतो. तर म्हापसा-पणजी असं गावातलं चालवलं तर ऑइल ८५-९० डिग्री. उत्तम. खरं तर हेच हवं असतं, कारण ऑइल ८० च्या वर गेलं नाही तर त्यातलं पाणी उडत नाही. हायवेला शंभरच्या थोडं वर. हेही चालतं. पण चोर्ल्याला वरच्या वळणांवर १२० ला टेकलं, आणि साधं मिनरल २० डब्ल्यू ५० ऑइल सतत त्या तापमानाला ठेवणं बरं नाही, ते पातळ तर होतंच पण लवकर खराबही होतं. गार इंजिनला प्रेशर भरपूर होतं, ९० डिग्रीलाही नीट होतं, म्हणजे पंप-बेअरिंग ठीक, दोष तापमानाचाच. तेव्हा कुठे कूलर घ्यायचं ठरलं.

बी-सिरीजला कूलर बसवणं त्या मानाने सोपं आहे कारण कंपनीने अर्धं काम करूनच ठेवलंय. एमजीएला कूलर ऑप्शन म्हणून मिळायचाच, आणि नंतरच्या एमजीबीला १९६४ पासून पाच बेअरिंगचं इंजिन आलं तेव्हा तो स्टँडर्डच दिला. ऑइलचा रस्ता असा: पंपातून ऑइल ब्लॉकच्या मागच्या उजव्या कोपऱ्यातून बाहेर येतं, तिथून बाहेरच्या एका पाइपने फिल्टरला जातं, फिल्टरमधून परत ब्लॉकमध्ये मेन गॅलरीला. तो बाहेरचा पाइप काढायचा आणि त्याच्या जागी दोन होज, एक ब्लॉकपासून कूलरपर्यंत, दुसरा कूलरपासून फिल्टरपर्यंत. बस. सँडविच प्लेट (फिल्टरच्या तोंडाशी बसवायची जोडचकती) वगैरे लागत नाही. आणि यात एक फायदा आहे, कूलर फिल्टरच्या आधी येतो, त्यामुळे कूलरमधून काही कचरा निघाला तर तो फिल्टरमध्ये अडकतो, बेअरिंगला जात नाही. पण यावर फार विसंबू नका, गार जाड ऑइलला फिल्टरचा बायपास उघडतो आणि तेव्हा सगळं न गाळताच आत जातं. म्हणून कोणाच्या गाडीतला काढलेला जुना कूलर कधीही घेऊ नका, विशेषतः ज्या इंजिनची बेअरिंग गेलीय त्यातला, त्या बारीक नळ्यांमधली भुकटी कितीही डिझेलने धुतली तरी पूर्ण निघत नाही.

मी मोकाल कंपनीचा १३ रो वाला (म्हणजे नळ्यांच्या १३ ओळींचा) घेतला, एमजीबीला पण तेवढाच असायचा. मोठा घेऊ का असा मोह होतो. एक साधा हिशोब करून बघा, कूलरचं काम ऑइल आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर चालतं, इंग्लंडमध्ये १५ डिग्री हवेत ११० चं ऑइल म्हणजे ९५ चा फरक, आपल्याकडे ३३ डिग्रीत ७७ चा, म्हणजे तोच कूलर इथे साधारण वीस टक्के कमी काम करणार. यावरून काही जण १६ किंवा १९ रो घेतात. पण मग त्याच्यामागचा रेडिएटर तेवढा जास्त झाकला जातो, आणि आपल्याला तर गावात पाणीही सांभाळायचंय. १३ बास.

आणि ऑइलचा थर्मोस्टॅट (पाण्याचा वेगळा). यावर मी कोणाशीही वाद घालायला तयार आहे. गोव्यात हवा गरम आहे म्हणून थर्मोस्टॅट कशाला असं म्हणणाऱ्यांनी जुलैत गाडी चालवून बघावी. धो धो पाऊस, हवा २५-२६, ग्रिलमधून सरळ पाण्याचे फवारे कूलरवर, आणि जायचं कुठे तर बाजारात मासे आणायला, दहा मिनिटं. त्यात ऑइल साठ डिग्रीलाही पोचणार नाही. आतलं पाणी तसंच राहतं, थोड्या दिवसांनी ऑइल फिलरचं झाकण उघडलं की आतून पांढरट चिकट गाळ, आणि लोक हेड गॅस्केट गेलं म्हणून धावतात. थर्मोस्टॅट ८० डिग्रीच्या आसपास उघडतो, तोपर्यंत बहुतेक ऑइल बाहेरच्या बाहेर वळवतो, अगदी थोडंसं कूलरमधून जाऊ देतो म्हणजे नंतर एकदम गार ऑइलचा लोंढा येत नाही. होजच्या मध्येच बसतो. जोड वाढतात हे खरं, पण माझ्या मते पावसाळी गाडीला तो हवाच.

होजचा किस्सा मात्र सगळ्यात भारी. इंग्लंडहून तयार होज मागवता येतात, पण थर्मोस्टॅट मध्ये घातला की लांबी बदलते, आणि कस्टम ड्युटी धरून किंमत बघितल्यावर म्हटलं इथेच करू. गोव्यात हायड्रॉलिक होज बनवणाऱ्यांची कमी नाही, उसगाव तिस्क, सावर्डे-कुडचडे भागात खाणींचे डंपर आणि एक्स्कॅव्हेटर यांच्यावरच कित्येक जणांची दुकानं उभी राहिली, २०१२ ला खाणी बंद झाल्या तेव्हा त्यातली काही गेली, काही ट्रॉलरच्या आणि जेसीबीच्या कामावर तगली. आम्ही गेलो तिथे दुकानदार म्हणाला, बाब, हा टू-वायर होज घे, जेसीबीचा, दोन हजाराच्या वर पीएसआय घेतो. मेस्त्री म्हणाले, आमकां पन्नास जाय, दोन हजार कित्याक (आम्हाला पन्नास हवं, दोन हजार कशाला)? प्रेशर नको, तापमान सांग! आणि बरोबर तेच होतं, साध्या हायड्रॉलिक होजच्या आतल्या रबराचं रेटिंग बऱ्याचदा १०० डिग्रीपर्यंतच असतं, आणि आपलं ऑइल त्याच्या वर जाणार म्हणूनच तर हा सगळा खटाटोप. होजवर छापलेलं असतं ते वाचायचं, १२० किंवा त्याहून जास्त तापमान चालणारा मागायचा. त्याने शोधून दिला, थोडा महाग, आमच्यासमोर प्रेसवर क्रिंप करून दिला. होज फुटला तर काय होतं याची कल्पना करा, पंप सम्पमधलं सगळं चार-साडेचार लिटर ऑइल थोडक्या वेळात रस्त्यावर ओततो आणि तुम्ही मागे आरशात बघेपर्यंत बेअरिंग गेलेली. ऑइल कूलर लावणं म्हणजे इंजिनला एक नवीन धोका जोडणं आहे हे कोणी सांगत नाही.

थ्रेड. ब्रिटिश गाडी म्हणजे हा जाच आहेच. कूलरचे थ्रेड अर्धा इंच बीएसपी (ब्रिटिश पाइप थ्रेड), आणि अर्धा इंच बीएसपीचा बाहेरचा व्यास अर्धा इंच नसतो, २१ मिलीमीटरच्या जवळ असतो, इंचाला १४ आटे. अर्धा इंच एनपीटीलाही (अमेरिकन पाइप थ्रेड) १४ च आटे, पण तो निमुळता आणि आट्याचा कोन वेगळा, त्यामुळे दोन-तीन फेरे मस्त बसतो आणि मग घट्ट होतो, माणसाला वाटतं बसला, आणि ॲल्युमिनियमचे आटे गेले. ब्लॉककडच्या टोकाला पण नुसतं डोळ्यांनी ठरवू नका, जुना युनियन खिशात घालून दुकानात जा. आणि टेफ्लॉन टेप अजिबात नाही, त्याचा तुकडा सुटला की कुठे जाईल सांगता येत नाही, बाँडेड वॉशर (रबराची कड असलेला धातूचा वॉशर) वापरा. कूलरचे नट आवळताना दोन पाने, एकाने कूलरचं तोंड धरायचं, दुसऱ्याने आवळायचं.

बसवायची जागा रेडिएटरच्या पुढे, ग्रिलमागच्या डक्टमध्ये, तोंडं वर करून. तोंडं खाली केली तर वरच्या भागात हवा अडकून राहते. कूलर सरळ पत्र्याला बोल्ट करायचा नाही, रबराच्या बॉबिनवर, एक तर इंजिन-बॉडीची थरथर, दुसरं म्हणजे आपली खारी हवा, लोखंड आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकले की दोन पावसाळ्यांत पांढरी भुकटी. रेडिएटरच्या बाजूच्या पत्र्यात होजसाठी भोकं आणि त्यात जाड ग्रोमेट. नशीब असं की या इंजिनला कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट दोन्ही डावीकडे आहेत, ऑइलचं सगळं काम उजवीकडे, म्हणजे होज गरम बाजूला जातच नाहीत. पण उजवीकडेच डिस्ट्रिब्युटर, उजवीकडेच डायनॅमो आणि आपली राइट हॅन्ड म्हणून स्टिअरिंग कॉलमही उजवीकडे, लेफ्ट हॅन्ड गाडीवाल्यांना तिथे मोकळं मैदान असतं, आपल्याला सुईत दोरा ओवल्यासारखं. स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघायचं, पट्ट्यापासून अंतर बघायचं, आणि इंजिन माउंटिंगवर हलतं म्हणून होजला थोडी ढील ठेवायची. यात एक पूर्ण रविवार गेला, बाकी सगळं काम त्या मानाने पटकन.

पहिल्यांदा चालू करताना कूलर आणि होज आधी ऑइलने भरून घ्या, आणि स्पार्क प्लग काढून, सेल्फ मारून गेजवर प्रेशर येईपर्यंत इंजिन फिरवा. एमजीएमध्ये ही मजा आहे की सेल्फ डॅशबोर्डवरच्या ओढायच्या नॉबने केबलवर चालतो, किल्लीशी त्याचा संबंध नाही, इग्निशन बंद ठेवून नॉब ओढला की इंजिन नुसतं फिरतं. प्रेशर आलं, प्लग लावले, चालू केली, थोडं फिरवून आणून डिपस्टिक बघितली, साधारण अर्धा लिटर जास्त लागलं. गरम झाल्यावर एकदा सगळे जोड परत बघायचे, आमचा थर्मोस्टॅटचा एक जोड जरासा पाझरला, आवळल्यावर थांबला.

आता निकाल. चोर्ल्याला तीच वेळ, तीच चाल, साधारण तेवढंच ऊन, ऑइल १०५ च्या वर गेलं नाही, आणि वर पोचल्यावर आयडलचं प्रेशर १५ च्या खाली नाही. हायवेला ९५ च्या आसपास. गावात? काहीही फरक नाही, तेच ८५-९०, थर्मोस्टॅटने त्याला खाली जाऊ दिलं नाही. पर्वरीच्या जॅममध्ये मात्र पाण्याचा काटा आधीपेक्षा किंचित वर असतो, कूलर वारा अडवतो ते खोटं नाही. आणि बी-सिरीजच्या मागच्या बाजूला क्रँकला नीट सील नसतं म्हणून पार्किंगमध्ये जो ठिपका पडतो तो पडतोच, त्यावर कूलरचा काही इलाज नाही, मेस्त्रींच्या मते तो थेंब पडायचा थांबला तर समजायचं ऑइल संपलं.

देखभाल म्हणाल तर पावसाळ्यानंतर कूलरच्या जाळीतले किडे आणि लाल माती मागच्या बाजूने पाणी मारून काढायची, प्रेशर वॉशर लांब ठेवायचा नाहीतर फिन आडवे होतात. होजवर मी बसवल्याची तारीख पेंटने लिहून ठेवलीय, पाच वर्षांनी दिसायला कितीही चांगले असले तरी बदलणार.

मागच्या महिन्यात बांद्याजवळचा एक मित्र त्याची स्टँडर्ड हेराल्ड घेऊन आला, त्यालाही कूलर हवा होता, माप घ्यायलाच आलेला. ९४८ सीसीचं इंजिन, गाडी बांदा-म्हापसा-बांदा एवढीच फिरते. म्हटलं वायर देतो, आठवडाभर चालवून मोजून ये. मोजून आला, कुठेही ९२ च्या वर नाही. रेडिएटर उघडला तर खालच्या निम्म्या नळ्या बंद होत्या, तो साफ करून घेतला, कूलरचे वाचलेले पैसे त्याने टायरला लावले.